दशमीपुढचं जेवण

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. सचिव हा शब्द फक्त शिक्क्यावर होता, गाव मला शिक्रेटरी म्हणायचं. काम म्हणजे दोन वेळचं दूध मोजून घ्यायचं, फॅट लावायचं आणि वरून आलेल्या कागदांना उत्तरं द्यायची. त्या वर्षांत दूध कमी होत गेलं, कागद मात्र वाढत गेले. पाऊस दोन वर्षं नांदूरघाटच्या आसपास रेंगाळून परत जात होता, टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत होती. अशा उन्हाळ्यात तालुक्याच्या संघाचं पत्र आलं, की संचालक व निवडक सभासद यांच्यासाठी सहकुटुंब अभ्यास दौरा आयोजित करण्यात आला आहे.

सहकारातला अभ्यास घरी बसून होत नाही, त्यासाठी बस लागते. पहिल्या दिवशी पश्चिमेकडच्या एका मोठ्या दूध संघाला भेट होती. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या वाटेवरचं एक मनोरंजन उद्यान. तिथे घसरगुंड्या होत्या, पाळणे होते आणि माहितीपत्रकाच्या भाषेत 'कृत्रिम समुद्र' होता. दर चौथ्या दिवशी टँकरचं पाणी मिळणाऱ्या लोकांनी त्या समुद्राचा कोणत्या अंगाने अभ्यास करायचा, याचा खुलासा पत्रात नव्हता.

पत्रासोबत उद्यानाचा छापील फॉर्म होता. त्यात एक रकाना 'भोजन योजना : होय / नाही' असा. होय म्हटलं तर प्रत्येकाला मनगटात घालायला कागदी पट्टा मिळणार, त्या पट्ट्यावर दुपारचं जेवण बारा ते अडीच या वेळात, हवं तेवढं. पैसे आधी भरायचे, जेवला नाहीत तर परत नाही. नाही म्हटलं तर आतल्या दुकानांतून ज्याचं त्याने घ्यायचं. आणि दोन्हींच्या खाली ठळक अक्षरांत : बाहेरील खाद्यपदार्थ आत नेण्यास सक्त मनाई आहे. त्याच्याही खाली आणखी एक ओळ होती, 'विशेष आहार असल्यास नमूद करावे'. त्या ओळीपुढे मी काय लिहिलं ते पुढे येईल.

अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, शिक्रेटरी, असल्या बारीक गोष्टी तुमीच बघा. अध्यक्षांच्या मते बारीक नसलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे सत्कार. दौऱ्यासाठी त्यांनी अकरा शाली आणि अकरा नारळ आधीच घेऊन ठेवले होते.

मग मी सभासदांना विचारलं. दूध घालायला रांगेत उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो, कारण त्याला दुसरं काही करता येत नाही. एकाने विचारलं, हवं तेवढं म्हणजे बांधून आणता येतं का. दुसरा म्हणाला, उभ्यानं जेवायचं का बसून ते आधी विचारा, उभ्यानं जनावरं खातात. तिसऱ्याचं म्हणणं, भाकरी-ठेचा न्यावा, गेटवर कोण विचारतंय. चौथा त्याला म्हणाला, तू जा बे भाकरी घेऊन, तिथं गेटवर पाटलाचं पोरगं बसलेलं न्हाई तुझी वळख धरायला. माझी बायको येणार नव्हती, आमची गाय छावणीत होती आणि तिच्याकडे कुणीतरी जायला हवं होतं. तिने फॉर्म वाचला आणि एवढंच म्हणाली, "इतक्या लांब जाऊन पट्टा घालून रांगेतच उभं ऱ्हायचं, तर आपला टँकर काय वाईट हाय?"

खरं सांगायचं तर बेचाळीस जणांच्या जेवणाची मला फारशी काळजी नव्हती. मला काळजी एकीच्या जेवणाची होती. माझी आई बरोबर येणार होती.

आईने वीसेक हंगाम ऊसतोडी केली होती. कोल्हापूरकडच्या फडांत असताना मुकादम सांगायचा, म्हणे, त्या डोंगराच्या पलीकडं समुद्र हाय. मोळ्या बांधता बांधता तिने त्या डोंगराकडे वीस वर्षं पाहिलं, पण पलीकडे जायला कधी सुट्टी मिळाली नाही. माहितीपत्रकातलं चित्र मी तिला दाखवलं तेव्हा तिने ते हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, लाटा खऱ्या येतात का. मी म्हणालो, यंत्राने येतात. ती म्हणाली, येतात ना, मग झालं.

पण तिला साखरेचा आजार होता. जो साखर कारखान्याला जातो त्याच्या मागोमाग साखर घरी येते, असं तीच म्हणायची. रोज सकाळी आणि संध्याकाळी इंजेक्शन. बीडच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, की सकाळचं इंजेक्शन दुपारी जोर धरतं, म्हणून दुपारच्या जेवणाला उशीर करायचा नाही. उशीर झाला की तिला घाम फुटायचा, हात थरथरायचे. एकदा तर चुलीपुढे बसल्या जागी तिला आपण कुठे आहोत ते कळेना. तेव्हापासून माझं सगळं गणित साडेबाराभोवती फिरत होतं.

त्या गणिताने पाहिलं तर भोजन योजना चांगली होती. बाराला दार उघडणार, गरम पोळी, वरण, भाजी, भात, बसायला खुर्ची. दुकानांच्या रांगेत तिला उभं करायचं किंवा गेटवर भाकरी लपवायची, यापेक्षा बरी. तरी एकदा तिला विचारावं म्हणून गेलो. ती परातीत पीठ घेऊन बसली होती. मी म्हणालो, माय, तिकडं जेवण त्यांचंच घ्यावं लागतंय, चालंल का?

"दशमीपर्यंत माझं मी बघते," ती म्हणाली. "पुढचं तू बघ."

दशमी म्हणजे दुधात पीठ मळून केलेली भाकरी. पाणी नसल्यामुळे प्रवासात टिकते. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पाण्याचा हंडा जपून वापरायचा होता आणि दूध छावणीतून घरी यायचं, त्यामुळे प्रवास नसतानाही दशम्या व्हायच्या. ऐकणाऱ्याला ती श्रीमंती वाटायची. तिच्या पुढ्यात परात, परातीत पीठ आणि तोंडात दशमी हा शब्द. मी हिशेब केला : पहिल्या दिवसाला पुरतील एवढ्या दशम्या ती करणार, पुढच्या दिवसाचं जेवण मी बघायचं. म्हणजे भोजन योजना. मी फॉर्मवर 'होय'वर खूण केली. 'विशेष आहार असल्यास' यापुढे एक आडवी रेघ मारली. शिक्का मारला, सही केली.

इथे माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. दूध संस्थेत महिन्याचे तीन तुकडे असतात, दहा-दहा दिवसांचे. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार. इतकी वर्षं मी त्या तीन तुकड्यांत जगत होतो. आज कोणती तारीख आहे हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. तिथी मला कधी लागली नव्हती. देवाधर्माचं मी फारसं काही करत नव्हतो आणि न करण्याबद्दल मला थोडा अभिमानही होता.

पहिला दिवस ठरल्याप्रमाणे गेला. मोठ्या संघात आम्हाला स्टीलच्या टाक्या दाखवल्या. त्या संघाच्या एका दिवसाच्या सांडलवंडीत आमच्या संस्थेचा महिना निघाला असता. नंतर सभागृहात सत्कार झाले. आमच्या अध्यक्षांनी त्यांच्या नऊ लोकांना शाल आणि नारळ दिला. त्यांनी आमच्या नऊ लोकांना शाल आणि नारळ दिला. ते नारळ परत अध्यक्षांच्याच पोत्यात गेले. शाली बदलल्या, नारळांची संख्या तीच राहिली. सहकार म्हणजे काय याचा त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट उलगडा झाला. दुपारी आम्ही झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या. आईने सगळ्यांना आग्रह करकरून त्या संपवल्या. दोन उरल्या त्या ड्रायव्हरला दिल्या. मी म्हणालो, ठेव की उद्याला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी चावट बोललो. तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. बसमध्ये सातच्या सुमाराला आईने इंजेक्शन घेतलं आणि दोन केळी खाल्ली. इतर बायकाही केळीच खात होत्या. मी एका थांब्यावर उतरून वडापाव खाल्ला.

दहाच्या पुढे उद्यानाच्या गेटवर पोचलो. पहारेकरी प्रत्येक पिशवी उघडून बघत होता. आईच्या पिशवीत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा निघाला. मला ते लाडू आवडतात, म्हणून माझ्यासाठी आणले असतील असं मला वाटलं. पहारेकरी म्हणाला, आजी, हे आत नेता येणार नाही, इथं ठेवा, जाताना बिल्ला दाखवून घ्या. मी रदबदली करणार, तेवढ्यात आईनेच डबा त्याच्या हातात दिला.

"ऱ्हाऊ दे की," ती मला म्हणाली. "आत तू सोय केली हाय ना."

अध्यक्षांचं पोतं उघडलं तेव्हा मात्र अडचण आली. पहारेकऱ्याने विचारलं, हे खाण्याचं आहे का. अध्यक्षांना तो प्रश्न लई लागला. ते म्हणाले, हे खाण्याचं न्हाई, हे सत्काराचं हाय. पहारेकऱ्याने वरच्या माणसाला बोलावलं. त्याने मनाई असलेल्या वस्तूंची यादी वाचली. तिच्यात श्रीफळ नव्हतं. पोतं आत गेलं. अध्यक्ष त्यातली एक शाल आणि एक नारळ काढून घेऊन उद्यानाच्या मॅनेजरचा सत्कार करायला कचेरीकडे गेले, उरलेलं पोतं संस्थेच्या शिपायाने त्यांच्या मागोमाग नेलं.

आईला मी समुद्रावर नेलं. फरशी बांधलेला मोठा उतरता हौद, खालचा रंग निळा. भरती तासातासाने यायची, आधी भोंगा वाजायचा. भोंगा वाजला आणि लाट आली. आईने लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि काठाला पाण्यात पाय सोडून बसली. दोन-तीन लाटा तिने अंगावर घेतल्या. मग पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, खारट न्हाई. थोड्या वेळाने तिने विचारलं, "हे पाणी कुठून येतंय रे?" मी म्हणालो, बोअरचं असेल. ती म्हणाली, "बोअरला एवढं पाणी हाय, म्हंजे समुद्र खरंच जवळ असंल."

बारा वाजले. मी म्हणालो, चल माय, जेवायला. ती उठली, पदर नीट केला आणि चालता चालता विचारलं, "भगर हाय का साबुदाणा?"

मी थांबलो. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हणालो, भगर कावून? पोळी-भाजी हाय, वरणभात हाय.

"आज एकादस हाय ना."

त्या क्षणी सगळं एका ओळीत आलं. परात, पीठ, दशमी. ती भाकरीबद्दल बोललीच नव्हती. दशमीच्या तिथीपर्यंत माझं मी बघते, एकादशीचं तू बघ, असं तिने स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. ड्रायव्हरला दिलेल्या दशम्या, बसमधली केळी, लाडवांचा डबा, सगळं तिने जणू माझ्यापुढे मांडून दाखवलं होतं. आणि मी 'विशेष आहार'पुढे आडवी रेघ मारली होती.

भोजनगृहापुढे पोचलो तर आमची निम्मी बस दाराबाहेर उभी. बायका सगळ्या आणि नारायणगडाच्या वारीला जाणारे, एकादशी धरणारे पुरुष. त्यांना कुणालाही माझ्यावर राग नव्हता, ही त्यातली वाईट गोष्ट. त्यांनी गृहीतच धरलं होतं की एवढा शिकलेला शिक्रेटरी, फराळाचं त्याने बघितलंच असणार. एकादशी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आमच्याकडे ते कुणी कुणाला सांगत नाही. उद्या सूर्य उगवणार आहे हे कोण कुणाला सांगतं?

आत उपासाचं काय आहे ते बघायला मी गेलो. चाळीस भांडी मांडलेली. त्यांत उपासाला चालेल अशी एक वस्तू सापडली, तळलेल्या बटाट्याच्या काड्या. बाहेर येऊन सांगितलं. लगेच चर्चा सुरू झाली. बटाटा चालतो. मीठ साधं असेल, पण प्रवासात तेवढं चालतं. मग एका म्हाताऱ्या संचालकांनी कळीचा प्रश्न विचारला, तेल कोणतं. शेजारच्या कढईत कोंबडीचे तुकडे तळत होते. कढई वेगळी पण झारा तोच, असं एकाने पाहून येऊन सांगितलं. त्यावर दुसरा म्हणाला, झाऱ्याला विटाळ नसतो. या मुद्द्यावर दोन पक्ष पडले. संस्थेच्या कोणत्याही वार्षिक सभेत मी इतकी मुद्देसूद चर्चा ऐकली नव्हती.

आई त्या चर्चेत नव्हती. ती बाकावर बसली होती आणि तिच्या कपाळावर घाम आला होता. साडेबारा वाजून गेले होते.

मी धावत चहाच्या टपरीवर गेलो, चार चमचे साखर घालून चहा आणला. तो तिने घेतला, कारण चहा चालतो. हातांची थरथर थोडी थांबली. पण डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं, की साखरेने तेवढ्यापुरतं भागतं, मागून पोटात काहीतरी जायला हवं. मी तिच्यापुढे हात जोडायचेच बाकी ठेवले. म्हणालो, माय, आजच्या दिवस वरणभात खा, देव मला शिक्षा करंल, तुला न्हाई. ती म्हणाली, तुझा देवावर इश्वास न्हाई, तुला कसली शिक्षा? एवढ्या अवस्थेतही तिचं म्हणणं बरोबर होतं. बटाट्याच्या काड्यांचं विचारलं, तर तिने झाऱ्याची बाजू घेतली नाही.

लाडवांचा डबा गेटवर होता. गेट लांब होतं, आणि एकदा बाहेर पडलं की आत यायला नवं तिकीट, आणि डबा तर तेव्हाही आत येणार नव्हता. आई गेटपर्यंत चालवत नेण्यासारखी दिसत नव्हती. तेव्हा मला नारळ आठवला.

अध्यक्ष मॅनेजरच्या कचेरीबाहेर बसले होते. मॅनेजर सकाळपासून मीटिंगमध्ये होता. अध्यक्षांच्या एका हातावर शाल, मांडीवर नारळ, पायाशी पोतं. दोन तास ते त्याच घडीत बसलेले असावेत. आयुष्यभर मी त्या शालीची आणि त्या नारळाची चेष्टा केली होती, थोडी तोंडावर आणि बरीचशी माघारी. त्यांना ते माहीत होतं.

"चेरमन, एक नारळ पाहिजे."

"कावून? कुणाचा सत्कार हाय?"

"मायला पाहिजे. खायला. तिची साखर उतरलीय आन् आज एकादशी हाय."

त्यांनी शाल खांद्यावर टाकली, मांडीवरचा नारळ घेतला आणि ते माझ्यापुढे चालू लागले. मी त्यांना इतकं झपझप चालताना कधी पाहिलं नव्हतं.

आई एका बाईचा हात धरून परत समुद्राच्या काठावर येऊन बसली होती. भोजनगृहाच्या वासाने मळमळतं म्हणाली. अध्यक्षांनी नारळ एकदा कानाशी हलवला, हौदाच्या कठड्यावर एकच घाव घातला. नारळाची बरोबर दोन भकलं झाली, पाणी एका भकलात राहिलं, थेंबही सांडला नाही. पंचवीस वर्षांच्या उद्घाटनांची तालीम होती ती. हौदावरच्या पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. आजूबाजूच्या दोन-चार पर्यटकांना काहीतरी समारंभ आहे असं वाटलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी सवयीने त्यांना नमस्कार केला.

"काकू, पाणी प्या आधी."

आईने पाणी प्यायलं. मग मी किल्लीने खोबऱ्याचे तुकडे काढून देत गेलो आणि ती खात गेली, सावकाश, दाढेखाली धरून. पहारेकरी जवळ आला, नियमांच्या पाटीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि शिट्टी खिशात घालून निघून गेला. अध्यक्ष पोत्याकडे परत गेले आणि दहाही नारळ भोजनगृहापुढच्या लोकांना वाटून आले. तेलाचा वाद तिथेच मिटला. मॅनेजर मीटिंगमधून बाहेर आला तेव्हा त्याला नुसती शाल मिळाली.

आईच्या चेहऱ्यावर रंग परतला तेव्हा पुढचा भोंगा वाजला. तिने एक तुकडा बाजूला ठेवला होता, तो तिने येणाऱ्या लाटेत टाकला. हे तिला कुणी शिकवलं होतं, मला माहीत नाही. आमच्या गावात समुद्र नाही.

"माय, मी तिथीचं बघितलंच न्हाई," मी म्हणालो. "मला वाटलं तू भाकरीचं बोलतीस."

"भाकरीचं बोलायला तू काय परका हाईस का?" ती म्हणाली. "भाकरी तर करणारच होते." मग तिने माझ्या मनगटावरचा कागदी पट्टा पाहिला. "तू जेवलास का?"

मी घड्याळ बघितलं. अडीच वाजून गेले होते, भोजनगृहाचं दार बंद झालं होतं. सकाळच्या वडापावबद्दल मी काही बोललो नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर जे समाधान आलं ते मी ओळखतो, फडातून पहिली गाडी भरून गेली की यायचं ते.

"म्हंजे तुलाबी घडली," ती म्हणाली. "एकादस घडली तुला आज."

आमच्याकडे उपास करतात तसा तो घडतोही. न ठरवता, न समजता, नुसतं जेवण चुकलं तरी खात्यावर लागतो म्हणतात. मी वडापावचं सांगितलं असतं तर तो पुसला गेला असता. मी सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर गेटवर बिल्ला देऊन लाडवांचा डबा घेतला, तेव्हा आईने पहिला लाडू पहारेकऱ्याला दिला आणि दुसरा मला. बसमध्ये ती शेजारणीला सांगत होती, की आमच्या शिक्रेटरीनं पैली एकादस समुद्रावर धरली. मी खिडकीबाहेर बघत लाडू खाल्ला. पुढची एकादशी कोणत्या तारखेला येते, ते घरी गेल्यावर मी कॅलेंडरमध्ये शोधून ठेवलं.